नोंदवहीतली तेरावी ओळ

मॉर्गनडेल, पेनसिल्व्हेनिया
१९ नोव्हेंबर १९७८

प्रिय इनेझ,

शुक्रवारी आमच्या सन्मान मंडळाचा प्रवेशविधी झाला आणि आज रविवार उजाडला तरी मी टेबलावरच्या कापडाचं मेण बोथट सुरीनं खरवडतेच आहे. दर वर्षी ठरवते, पुढच्या खेपेला विजेच्या मेणबत्त्या आणायच्या. दर वर्षी हे मंडळ इथं सुरू करणाऱ्या ट्रेक्सलर सरांचा चेहरा आठवतो आणि मी खऱ्याच आणते. इतिहासात चांगले गुण मिळवले म्हणून इथं पोरांना कोण विचारतंय? फुटबॉलवाल्यांना बँड आहे. आमच्याकडे मेणबत्ती, एक जाड नोंदवही आणि माझ्या हातचा कोरडा केक.

बारा जणांनी सह्या केल्या. वही तीच, १९३१ सालची, आणि सरांचा नियमही तोच. आधी माणसानं मेणबत्तीसमोर उभं राहून आपल्या हातानं वहीत नाव लिहायचं, मगच ते नाव मंडळाच्या मध्यवर्ती कचेरीला कळवायचं. टपालानं कुणी सदस्य होत नाही, असं सर म्हणायचे. बाकीची कॉलेजं आधी यादी पाठवून मोकळी होतात आणि विधी जमेल तेव्हा उरकतात. आम्ही तसलं काही करत नाही, आणि हो, मला त्याचा थोडा ताठा आहे.

खरं तर यंदा तेरा जण होते. तेरावी डोलोरेस यानोशिक. वय एक्केचाळीस. सकाळी हायस्कूलच्या स्वयंपाकघरात तीनशे मुलांचं जेवण रांधते आणि दुपारी हातांना कांद्याचा वास घेऊन माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते. लग्न केलेलं नाही, म्हातारी आई आणि ती, दोघीच. आईनं, ॲना तिचं नाव, या दिवसासाठी निळा ड्रेस शिवून घेतला होता. आदल्या रविवारी चर्चच्या पायरीवर पाय घसरला आणि खुबा मोडला. डोलोरेस माझ्याकडे येऊन म्हणाली, “मी एकटीच येते बाई, सही करून लगेच जाते. आईला मागनं सांगेन.” मी मुळीच ऐकलं नाही. तिला म्हटलं, घाई काय आहे? आई उभी राहू दे, वसंतात तुझ्या एकटीसाठी मेणबत्त्या लावू. वहीत बाराव्या नावाखालची ओळ मी रिकामी सोडली आणि समासात पेन्सिलीनं बारीकशी फुली केली. एवढा चांगला निर्णय मी या वर्षात दुसरा घेतलेला नाही.

तू यंदा मंडळाच्या निबंध स्पर्धेच्या परीक्षक समितीवर बसणार असं कळलं. म्हणजे मेपर्यंत आपण दोघींनी फक्त हवा आणि मांजरं यांवर बोलायचं. ओटिस बरा आहे. माझी खुर्ची त्यानं बळकावली आहे.

तुझी,
विल्मा


एल्क फोर्ड, आयोवा
४ फेब्रुवारी १९७९

प्रिय विल्मा,

हवा: वाईट. मांजर: नाही. झालं, नियम पाळला. आता ऐक.

निबंधांचं खोकं आलं. छपन्न निबंध, आणि समिती म्हणजे कॅन्ससमधला एक पाद्र्यासारखा गृहस्थ, एक तरुण पोरगा जो प्रत्येक वाक्यात ‘आकडेवारी’ म्हणतो, आणि मी. जेवणाच्या टेबलावर इतके कागद पसरलेत की तीन आठवडे मी ओट्यापाशी उभ्यानं जेवते आहे. निम्म्या निबंधांत यादवी युद्ध आहे. मला आता गेटिसबर्गचं नाव ऐकलं तरी ढेकर येतो.

आणि मग एकतिसावा निबंध. नावं आम्हाला कळत नाहीत, नुसते आकडे असतात, त्यामुळे तुला सांगायला हरकत नाही. तुमच्याच राज्यातला कोळशाचा मुलूख आहे. १९२४ साली एका खाणीत स्फोट झाला. कंपनीच्या वहीत मेलेले अकरा. पण तिथल्या स्लोव्हाक चर्चच्या स्वयंपाकघरात बायकांची एक वही होती. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरी शेजारणींनी पाव भाजून न्यायचा, ओव्यासारखा वास येणारं शहाजिरं घातलेला, अगोड. दार वाजवायचं नाही, पडवीच्या कठड्यावर ठेवून निघून यायचं. कुठलं घर चुकू नये म्हणून वहीत लिहून ठेवायचं, कुणी कुठल्या घरी पाव दिला. त्या आठवड्यात त्या वहीत घरं आहेत सतरा.

वरचे सहा कोण? ते मदतनीस. खाणकामगार त्यांना आपल्या मजुरीतून परस्पर पैसे द्यायचा, कंपनीच्या वहीत त्यांचं नावच नसायचं. नाव नाही म्हणून ते मेलेही नाहीत. आणि सहांपैकी एकाची विधवा जेव्हा कचेरीत जाऊन बसली, तेव्हा कारकुनानं दोन ओळींच्या मध्ये त्याचं नाव कोंबलं आणि पुढं लिहिलं, ‘काम सोडलं’, तारीख स्फोटाच्या आदल्या दिवसाची. हे मागाहून घुसडलेलं आहे, हे या मुलानं (किंवा मुलीनं) शाईवरून, अक्षराच्या दाटीवरून, खालच्या ओळीच्या फराट्यावरून इतकं शांतपणे दाखवलंय की मी चष्मा काढून डोळे पुसले. विल्मा, मी तीस वर्षं शिकवते आहे. असं काही लिहिणारा विद्यार्थी मला मिळाला नाही.

पाद्रीबुवा आणि आकडेवारी दोघंही राजी आहेत. पहिला क्रमांक म्हणजे पुढच्या शिक्षणाची पूर्ण शिष्यवृत्तीही. आता फक्त कचेरी तपासून सांगेल की लेखक मंडळाचा सदस्य आहे. यंदापासून त्यांनी नवं खूळ काढलंय, ३१ डिसेंबरच्या आत नाव दाखल झालेलं पाहिजे. अर्जाच्या मागच्या बाजूला छापलंय. पूर्वी बक्षीस देईपर्यंत झालं तरी चालायचं. तुझ्या सह्यांच्या सोहळ्याला असले नियम मानवायचे नाहीत, पण तू वेळच्या वेळी पाठवतेसच म्हणा.

तुझी,
इनेझ


मॉर्गनडेल
१० फेब्रुवारी १९७९
(पाकिटात घातलं, तिकीट लावलं. टाकलं नाही. — वि.)

प्रिय इनेझ,

एकतिसावा निबंध डोलोरेसचा आहे.

‘काम सोडलं’ म्हणून ज्याचं नाव कोंबलंय तो तिच्या आईचा बाप, यूराय हुदाक. ॲना तेव्हा दहा वर्षांची होती. बायकांची ती वही अजून चर्चच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागं असते आणि अजून लिहिली जाते. निबंधात तिनं यातलं काही लिहिलं नाही. मीच म्हटलं होतं, नातं कळलं तर परीक्षक म्हणतील, भावनेनं लिहिलंय.

तुझं पत्र वाचून मी आधी नाचलेच असते. मग तारखेपाशी आले. अर्जाची प्रत खणातून काढली, उलटली. आहे, मागच्या बाजूला आहे, ठळक अक्षरांत. पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या दिवशी मी काय सांगते? कागद हाती आला की उलटून बघा. जानेवारीत त्याच अर्जावर ‘सदर विद्यार्थिनी मंडळाची सदस्य आहे’ या वाक्याखाली मी सही केली. खोटं लिहितेय असं एकदाही मनात आलं नाही गं. माझ्या लेखी ती सदस्यच होती, फक्त मेणबत्ती राहिली होती. कचेरीला पाठवायचं तिच्या नावाचं कार्ड खणात पडलंय आणि मी वसंताची वाट बघतेय.

ती एकटी यायला तयार होती. मी येऊ दिलं नाही.

हे तुला सांगितलं तर तुला समितीतून उठावं लागेल, आणि निबंध बाद होईल तो होईलच. नाही सांगितलं तरी कचेरी तिचं नाव शोधणार आणि ते नसणार. दोन्हीकडून एकच. मी काय करू?

विल्मा


मॉर्गनडेल
११ फेब्रुवारी १९७९

प्रिय इनेझ,

इथं गुडघाभर बर्फ आहे. ओटिसनं पडदा फाडला.

निबंध चांगला आहे हे वाचून बरं वाटलं. सहज विचारते, समजा एखाद्याचं नाव कचेरीला उशिरा पोचलं, आठवडा, पंधरवडा, तर तेवढ्यासाठी अडवतात का? उत्सुकता म्हणून विचारते आहे.

जूनमध्ये निवृत्त व्हायचंय म्हणून खण आवरते आहे. तीस वर्षांत माणूस किती कागद साठवतो आणि त्यातले किती उलटून बघतो, कोण जाणे.

तुझी,
विल्मा


एल्क फोर्ड
२६ फेब्रुवारी १९७९

प्रिय विल्मा,

तुझं पत्र चार ओळींचं होतं. मला वाटतं निवृत्तीनं तुझं मन खाल्लंय. जूनमध्ये माझ्याकडे ये, पडदे तूच फाड.

आज मी अतिशय संतापलेली आहे, म्हणून हे पत्र नीट लागणार नाही. एकतिसावा निबंध बाद झाला. कचेरीनं यादी तपासली, लेखकाचं नावच नाही. डिसेंबरात नाही, जानेवारीत नाही, आजही नाही. आणि अर्जावर तिथल्या प्राध्यापकाची सही आहे की हा सदस्य आहे म्हणून. तू विचारलंस ना, आठवड्याचा उशीर चालतो का? उशीर कसला, नाव पाठवलेलंच नाही! कुणीतरी गलथान माणूस असणार. वर्षातून एकदा फॉर्म भरायचा, तोही डुलक्या काढत. नाव आम्हाला सांगत नाहीत, नाहीतर मीच त्याला पत्र लिहिलं असतं आणि ते पत्र त्यानं चौकटीत लावून ठेवलं असतं.

निबंध कशावर होता, विल्मा? ज्यांचं नाव वहीत नाही ती माणसं मोजली जात नाहीत, यावर. आणि आम्ही तिघं शहाणे बसून तो निबंध लेखकाचं नाव वहीत नाही म्हणून बाहेर काढतो आहोत. मी हे मंडळाच्या अध्यक्षांना फोनवर म्हटलं. ते म्हणाले, खरंय, पण नियम सगळ्यांना सारखा.

आता दुसरा निबंध वर सरकेल. गेटिसबर्ग.

तुझी,
इनेझ


मॉर्गनडेल
९ मार्च १९७९

प्रिय इनेझ,

तो गलथान माणूस मी आहे.

सोबत एक पाकीट आहे, तिकीट लावलेलं, १० फेब्रुवारीचं. आधी ते वाच, मग हे. तुझं पत्र चौकटीत लावलेलं नाही, पण रोज वाचते आहे.

तुझ्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी कचेरीचंही आलं. सभ्य भाषेत विचारलंय की आपण सही कशाच्या आधारावर केलीत. त्या दिवशी माझ्या हातून जे झालं ते तुला सांगितलंच पाहिजे, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्याची माझी हिंमत नाही. वहीत ती रिकामी ओळ होती. १७ नोव्हेंबरच्या तारखेखाली, बाराव्या नावानंतर. मनात आलं की डोलोरेसनं तिथं सही केली, मी त्या पानाची छायाप्रत काढली आणि कचेरीला लिहिलं की विधी नोव्हेंबरातच झाला, कार्ड तेवढं टपालात गहाळ झालं, तर कोण नाही म्हणेल? वहीला अठ्ठेचाळीस वर्षांची अब्रू आहे. पेनही मी तेच शोधून काढलं, इनेझ. तीच शाई.

डोलोरेसला बोलावलं. ती कामावरून तशीच आली, केसांवर जाळी. मी सगळं सांगितलं, निबंध पहिला आला होता हेही, तो बाद झाला हेही, आणि कुणामुळे हेही. ती खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती. मध्येच एकदा विचारलं, “पहिला?” मी म्हटलं, पहिला. मग मी वही उघडून तिच्यापुढं ढकलली आणि पेन दिलं.

तिनं ओळ पाहिली. मग, अगदी सवयीनं, पान तिरकं करून उजेडात धरलं. मीच शिकवलंय तिला तसं बघायला. समासातली पेन्सिलीची फुली बोटानं पुसून पाहिली. नंतर मला म्हणाली, “बाई, आजोबांचं नाव ज्यानं आदल्या दिवशीच्या तारखेत घातलं, तो कारकूनही काही वाईट माणूस नसेल. त्यालाही कुणीतरी असंच म्हटलं असेल की एक ओळ तर आहे.”

वही मिटून तिनं माझ्यासमोर ठेवली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. उलट तिनंच मला पाणी आणून दिलं.

मी कचेरीला खरं ते लिहिलं. माझी चूक, विद्यार्थिनीचा दोष नाही, शिक्षा मला करा. त्यांनी लिहिलं की शिक्षेचा प्रश्नच नाही, आपल्या दीर्घ सेवेबद्दल मंडळ आभारी आहे. शिक्षासुद्धा मिळेना.

पिट्सबर्गच्या विद्यापीठानं तिला जागा दिली आहे, पण शिष्यवृत्तीशिवाय जाणं तिला शक्य नाही. आईजवळ बाई ठेवावी लागेल आणि शाळेची नोकरी सुटेल. मी म्हटलं, माझ्याकडे साठवलेले पैसे आहेत, मला कोण आहे? ती म्हणाली, “मग पिट्सबर्गला मी कशी गेले असं कुणी विचारलं तर काय सांगू?” विद्यापीठाला १५ एप्रिलपर्यंत कळवायचंय.

तू काही करू शकशील का? विचारू नये हे मला ठाऊक आहे. तरी विचारते.

विल्मा


एल्क फोर्ड
२० मार्च १९७९

विल्मा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उलट टपाली लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. मी तुला जे जे म्हटलंय ते मी तुला म्हटलं नव्हतं, हे तू जाणतेस. तरी म्हटलंय खरं. मला क्षमा कर.

केलं ते सांगते. अध्यक्षांना दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोनं घेतला आणि ते गावाला गेलेत म्हणाली. मागं त्यांचा खोकला ऐकू येत होता. कॅन्ससच्या पाद्रीबुवांना म्हटलं, आपण तिघं मिळून अपवाद मागू. ते म्हणाले, मनापासून मागू, पण लेखिका कोण हे तुम्हाला कळलं कसं, असं कुणी विचारलं तर? तू मला सांगितलंस, आता मी तिच्यासाठी तोंड उघडलं की मैत्रिणीच्या विद्यार्थिनीसाठी भांडते आहे असंच दिसणार. तू मला सांगितलं नसतंस तर मी भांडू शकले असते, पण कशासाठी भांडायचं तेच मला कळलं नसतं. मी हे चारी बाजूंनी फिरवून पाहिलं, कुठूनच दार नाही.

एकच गोष्ट जमली, ती इतकी लहान आहे की सांगायला लाज वाटते. दुसऱ्या निबंधाला वर सरकवण्याच्या कागदावर मी सही केली नाही. तिघांच्या सह्यांशिवाय ते होत नाही. आकडेवारीवाल्या पोरानंही केली नाही, हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. म्हणून मंडळाच्या मेच्या अंकात असं छापून येईल: ‘प्रथम पारितोषिक: यंदा कोणासही नाही.’ गेटिसबर्ग दुसरं ते दुसरंच राहील. शिष्यवृत्तीची रक्कम पुढच्या वर्षात जाईल. तुझ्या डोलोरेसला त्यातला एक दाणाही नाही.

पुढच्या वर्षी पाठव म्हणणार होते, पण ती मेमध्येच पदवी घेऊन बाहेर पडणार. शिकत असलेल्यांनाच देतात. तेही मागच्या बाजूला छापलंय.

तिच्या प्रवेशविधीचं काय केलंस? अजून करणार असशील तर माझ्या नावानं एक मेणबत्ती लाव. मला दुसरं काही सुचत नाही.

तुझी,
इनेझ


मॉर्गनडेल
२२ एप्रिल १९७९

प्रिय इनेझ,

विधी झाला. ३० मार्चला ठरवला होता, पण त्याच आठवड्यात हॅरिसबर्गजवळच्या त्या अणुभट्टीत अपघात झाला. आम्ही इतके लांब, तरी पोरांचे आईबाप गाड्या घेऊन आले आणि वसतिगृह रिकामं झालं. मला हसू आलं, खरंच. म्हटलं, या मुलीनं वहीत नाव लिहू नये म्हणून आता अणुभट्टीही फुटायला निघाली. शेवटी ११ एप्रिलला, बुधवारी केला. बाराही पोरं आली. ॲना चाकाच्या खुर्चीत, निळ्या ड्रेसमध्ये. ड्रेस आता सैल होतो. मेणबत्त्या खऱ्या, त्यातली एक तुझी.

सही करताना डोलोरेसनं नोव्हेंबरचं पान उलटलं, नवं पान घेतलं आणि आपल्या हातानं तारीख घातली, ११ एप्रिल १९७९. तेरावी ओळ रिकामीच आहे. पुढं कधी कुणी ही वही तपासायला घेईल आणि विचारील, इथं कोण राहिलं? मी फुलीशेजारी काही लिहिलं नाही. ती म्हणाली, मागाहून लिहू नका.

ॲनाला बक्षिसाचं काहीच ठाऊक नव्हतं. ती टाळ्या वाजवत होती आणि प्रत्येकाला स्लोव्हाकमध्ये सांगत होती की माझी मुलगी. मी केक कापला आणि मग, मेणबत्त्या विझवताना, इतक्या पोरांदेखत, मला रडू फुटलं. आवरेना. पोरांना वाटलं, निवृत्त होते म्हणून रडते. एकीनं मला मिठी मारली आणि म्हणाली, आम्हाला विसरू नका. ॲना नुसती बघत होती.

डोलोरेसनं शनिवारीच पिट्सबर्गला नकार कळवला, कारण पंधरा तारीख ईस्टरच्या रविवारीच येत होती. पत्र तिनं माझ्याच ऑफिसातल्या टाइपरायटरवर केलं. एक चूक झाली तर अख्खं पान पुन्हा केलं. मी शेजारी बसून तिकीट ओलं करून दिलं. मंगळवारपासून शाळेचं स्वयंपाकघर सुरू झालं, ती गेली.

आता मला सांगायचं ते. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी दूध आत घ्यायला दार उघडलं तर पडवीच्या कठड्यावर पांढऱ्या कापडात काहीतरी गुंडाळलेलं. मला वाटलं ईस्टरचा पाव असेल. तो इथं सगळ्यांकडे होतो, गोड, मनुका घातलेला, वर अंड्याची तकाकी. मनात म्हटलं, बघ, एवढं होऊनही आठवण ठेवली, आणि हुश्श झालं. कापड सोडलं तर तकाकी नाही, मनुका नाही. नुसता साधा पाव, आणि शहाजिऱ्याचा वास.

मी तिथंच पायरीवर बसले. ओटिस पायात घोटाळत होता.

दुपारी डोलोरेसला फोन केला. ती जरा अवघडली. म्हणाली, “आईनं भाजला, बाई. मी नको म्हणत होते. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं विचारलं, तुझ्या बाईंचं कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, त्यांच्या हातून एक चूक झाली, त्याचं त्यांना फार लागलंय. तर म्हणाली, घरी कोण असतं त्यांच्या? म्हटलं, कोणी नाही, मांजर. मग म्हणाली, तर मग शेजारीण कोण, पाव कोण भाजणार?”

खुबा धड जुळलेला नाही, इनेझ. ओट्याला रेलून, उभं राहून तिनं कणीक मळली. पडवीपर्यंत आणून कुणी ठेवला ते मी विचारलं नाही. दार वाजवलं नव्हतं.

“चूक कसली, ते विचारलं का आईनं?” मी म्हटलं.

“नाही,” डोलोरेस म्हणाली. “पण वही मागवून घेतली. चर्चमधून मी आणून दिली. तुमच्या नावाचं स्पेलिंग तिनं मला विचारलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. हॉस्टेटर यांचं घर, त्याखाली ॲना यानोशिक, एक पाव. तारीख सोळा एप्रिल, ज्या दिवशी दिला तीच.”

पाव मी खाल्ला. रोज एक तुकडा, लोण्याशिवाय. काल संपला. त्या बायकांच्या वहीत माझं नाव लागलं आहे, इनेझ, वेळच्या वेळी, आणि त्यासाठी मला काहीच करावं लागलं नाही.

तुझी,
विल्मा